गिरणी, गांव आणि उतारवय

मुंबईच्या गिरणगांवांतील एखादें जुनें कामगार-कल्याण केंद्र ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस तेथील दिनक्रम आठवत असेल. सकाळीं बालवर्ग, दुपारीं स्त्रियांचा शिवणवर्ग, सायंकाळीं व्यायामशाळा आणि कॅरम, रात्रीं नाटकाची तालीम. सन १९३९ च्या सुमारास मुंबई सरकारनें अशीं केंद्रें काढण्यास आरंभ केला, आणि १९५३ च्या कामगार कल्याण निधीच्या कायद्यानें त्यांस कायमचा आधार मिळाला. चाळींतील दहा बाय दहाच्या खोलींत ज्यांना पाय पसरावयास जागा नव्हती, त्यांना या केंद्रांनीं पुस्तक दिलें, खेळ दिला, रंगभूमि दिली. हे उपकार कोणीहि सुज्ञ मनुष्य नाकारणार नाहीं. परंतु तो दिनक्रम पुन्हां एकदां मनाशीं आणावा. त्यांत बालक आहे, गृहिणी आहे, तरुण आहे. साच्यापुढें तीस वर्षें उभा राहिल्यामुळें ज्याचे गुडघे धरले आहेत, आणि तुटलेलें सूत ज्याला आतां दिव्याखालींहि नीट दिसत नाहीं, असा पंचावन्न वर्षांचा विणकर त्यांत कोठें आहे?

हा प्रश्न त्या केंद्रांच्या चालकांस दोष देण्याकरितां विचारलेला नाहीं. त्यांच्या दिनक्रमांत जी उणीव दिसते ती त्यांनीं निर्माण केलेली नव्हती. ती शंभर वर्षांच्या सवयीनें त्यांच्याकडे आलेली होती. आपल्याकडे कामगाराच्या सोयींचा विचार झाला तेव्हां कामगार म्हणजे तरुण मनुष्य असें गृहीत धरलें गेलें. आणि तो वृद्ध होऊं लागला कीं त्याला निरोप कसा द्यावयाचा, एवढाच प्रश्न उरला. कामावर असतांनाच वय वाढत जातें, या साध्या गोष्टीसाठीं कोणतीहि व्यवस्था झाली नाहीं. ही सवय कशी पडली, आणि आतां ती कां चालणार नाहीं, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मुंबईंतील पहिल्या कापड-गिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं उभारली. पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, शिवडी या भागांत धुराडीं उभीं राहिलीं, आणि रत्नागिरी, सातारा, पुणें, अहमदनगर या जिल्ह्यांतून माणसांचे तांडे मुंबईस येऊं लागले. त्यांतहि कोंकणांतील माणसांचा भरणा मोठा. मिसरूड फुटण्याच्या वयांत मुलगा गलबतानें किंवा आगबोटीनें येई, गांवच्या मंडळाच्या गाळ्यांत वळकटी टाकी, खानावळींत जेवी, आणि काकाच्या किंवा मामाच्या ओळखीनें जॉबरच्या पुढें उभा राही. बायको-मुलें गांवींच. दर महिन्यास मनिऑर्डर, आणि शिमग्याला किंवा गणपतीला स्वतः. असा हा संसार दोन टोकांवर चाले.

गिरणींतील कामाची रीत कशी होती तेंहि पाहिलें पाहिजे. १८८१ चा कारखान्यांचा पहिला कायदा केवळ लहान मुलांपुरता होता. १८९१ च्या कायद्यानें स्त्रियांच्या कामाचे तास मर्यादित केले. प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांस कायद्याची मर्यादा १९११ सालीं प्रथम पडली, आणि तीहि बारा तासांची होती. ते तास १९२२ सालीं अकरा, १९३४ सालीं दहा आणि १९४६ सालीं नऊ झाले. साळखात्यांतील कामगारास मजुरी मिळे ती उक्त्या कामावर; जितकें कापड उतरेल तितके पैसे. या एका गोष्टींत वृद्धापकाळाचें सारें दुःख साठवलेलें आहे. हाताची चपळाई रुपयांत एक आण्यानें कमी झाली, तर मजुरीहि एक आण्यानें घटली. वयाची सूट देणारा कोणी मध्यें नव्हता. कापडाचे वारच त्या माणसाचें वय मोजीत.

अशा वेळीं कामगारांनीं स्वतः काय मागितलें, हें फार बोलकें आहे. सप्टेंबर १८८४ मध्यें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं कामगारांच्या सभा भरवून एक अर्ज तयार केला, आणि त्यावर सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या पांच होत्या : रविवारची सुट्टी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आंत, आणि कामावर अपघात झाल्यास बरें होईपर्यंत पगार, व कायमचें पंगुत्व आल्यास पोटापाण्याची तजवीज. शेवटची मागणी लक्षांत घेण्यासारखी आहे. यंत्रांत सांपडून हात एकदम गेला तर मालकानें पोसावें, हें त्यांना न्याय्य वाटलें. तोच हात तीस वर्षांत थोडाथोडा निकामी झाला तर काय, हें त्यांनीं विचारलें नाहीं. लोखंडे यांच्यासारखा डोळस पुढारी असतांना हें कां झालें? कारण या प्रश्नाचें उत्तर प्रत्येकाच्या मनांत आधींच ठरलेलें होतें. तें उत्तर म्हणजे गांव.

डोळे मंदावले, खोकला जडला, किंवा साचा आवरेनासा झाला, कीं मनुष्य वळकटी बांधून गांवीं जाई. तेथें वाट्याला आलेलें भातखाचर असे, पडवींत एक कोपरा असे, सून भाकरी वाढी. त्याच्या जागीं त्याचा मुलगा किंवा पुतण्या बदली म्हणून गिरणीच्या दारांत उभा राही आणि कालांतरानें कायम होई. सरकारालाहि ही व्यवस्था पसंत पडली. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालीं १९२९ सालीं नेमलेल्या शाही कामगार-आयोगानें १९३१ सालीं जो अहवाल दिला, त्यांत कामगाराचा गांवाशीं असलेला संबंध ही जमेची बाजू मानली, आणि तो संबंध तोडण्यापेक्षां त्याला नीट वळण लावावें असा अभिप्राय दिला. ना. म. जोशी यांच्यासारखे कामगारांचे कैवारी त्या आयोगाचे सभासद होते. आजारांत आणि म्हातारपणीं गांव आसरा देतें, हें आयोगाचें म्हणणें वस्तुस्थितीस धरून होतें.

परंतु आसरा देणारें गांव म्हणजे कोण, हा हिशोब कोणी मांडला नाहीं. गांव म्हणजे त्या कामगाराची बायको. तिनें त्याच्या पश्चात् वीस-पंचवीस वर्षें शेत लावलें, गुरें राखलीं, सासूसासऱ्यांस पोंचविलें, मुलें वाढविलीं. आणि तो परत आला तेव्हां दम्यानें धापा टाकणाऱ्या त्या माणसाची शुश्रूषाहि तिनेंच केली. गिरणीनें तिला एक पैहि दिली नाहीं. मुंबईच्या कापडधंद्याची वार्धक्य-निवृत्तीची कचेरी कोंकणांतील घरोघरच्या माजघरांत होती, आणि ती बिनपगारीं चालत होती.

शिवाय ज्यांना परत जाण्यास माजघरच नव्हतें, त्यांचें काय? १९२० नंतरच्या दशकांत मुंबईच्या गिरणीकामगारांत सुमारें पांचांत एक स्त्री होती. कांडीखात्यांत काम करणाऱ्या या स्त्रियांपैकीं कित्येक विधवा किंवा नवऱ्यानें टाकलेल्या होत्या, आणि गांवचें दार मागें बंद झालें म्हणूनच त्या मुंबईस आलेल्या होत्या. त्यांच्यासाठीं १९२९ सालीं मुंबई इलाख्यांत प्रसूति-लाभाचा कायदा झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं कायदेमंडळांत त्याची जोरदार तरफदारी केली. तो कायदा थोर होता. तथापि तरुणपणीं बाळंतपणाची रजा मिळविणारी तीच स्त्री पन्नाशीला आली म्हणजे तिच्याकडे पाहणारें कायद्याचें एकहि कलम नव्हतें.

या अंधारांत एकदोन दिवे होते, त्यांचीहि नोंद केली पाहिजे. जमशेटजी टाटांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरास सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्यें १८८६ सालींच निवृत्तिवेतनाचा निधि काढण्यांत आला, आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास प्रारंभ झाला. पुढें जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यांत १९२० सालीं भविष्यनिर्वाह निधि व १९३७ सालीं निवृत्तीच्या वेळचें उपदान हीं सुरू झालीं. सर्व देशाला कायद्यानें जें पुढें मिळालें, त्याचा हा कित्ता होय. परंतु या उदार योजनांचीहि दिशा तीच होती. मनुष्य टिकून रहावा म्हणून आशा, आणि तो निघाला म्हणजे शिदोरी. मधल्या वर्षांत त्याच्या हाताखालचें यंत्र, पायाखालची फरशी किंवा डोळ्यांपुढचा उजेड बदलावा, हा विचार त्यांत नव्हता.

ही कांहीं आपलीच उणीव होती असें नाहीं. जर्मनींत बिस्मार्कनें १८८९ सालीं वार्धक्य-विम्याचा कायदा केला तेव्हां वयाची अट सत्तर वर्षांची ठेवली. ती पांसष्टावर आली ती १९१६ सालीं. इंग्लंडनें १९०८ सालीं आठवड्यास पांच शिलिंगांचें निवृत्तिवेतन मंजूर केलें, तेंहि सत्तरीनंतरच. त्या काळीं सत्तरी गांठणारे मजूर किती असतील, याची कल्पना वाचकांनींच करावी. वयाचे हे आंकडे खजिन्याकडे पाहून ठरले होते. लोहाराचा खांदा कोणत्या वर्षीं थकतो आणि विणकराची दृष्टि कोणत्या वर्षीं मंदावते, हें पाहून ते कोणीहि ठरविलेले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे कायद्यांचा मोठा संभार उभा राहिला. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें अडीचशेंहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यास उपाहारगृह, पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथें पाळणाघर, आणि पांचशें वा अधिक कामगार असतील तेथें कल्याण-अधिकारी नेमण्याची व्यवस्था केली. त्याच वर्षींच्या राज्य विमा कायद्यानें आजार, प्रसूति आणि अपघात यांची काळजी वाहिली. १९५२ च्या कायद्यानें सहा प्रमुख उद्योगांतील कामगारांस भविष्यनिर्वाह निधि मिळाला. वर्गणीचा दर आरंभीं शेंकडा सव्वासहा होता. १९७२ सालीं उपदानाचा कायदा झाला : पांच वर्षें नोकरी झालेल्यास दर वर्षामागें पंधरा दिवसांचें वेतन. मासिक निवृत्तिवेतनाची सर्वसाधारण योजना येण्यास मात्र १९९५ साल उजाडलें. राज्य विम्याचे दवाखानेहि निवृत्त कामगारास बंदच असत; वर्षाकांठीं एकशेंवीस रुपये भरून ते त्याला खुले झाले ते १९८९ च्या दुरुस्तीनंतर.

या यादींतील प्रत्येक कलमाच्या मागें कोणाचा तरी लढा आहे, हें विसरून चालणार नाहीं. परंतु यादी मनांत ठेवून कल्याण-अधिकाऱ्याच्या टेबलापाशीं क्षणभर उभें रहावें. तान्हें मूल असलेली आई आली तर तिला दाखविण्यास पाळणाघर आहे. बोट तुटलेला तरुण आला तर भरपाईचा अर्ज आहे. साठीचा मनुष्य आला तर फंड आणि ग्रॅच्युइटीचा कागद आहे. पण बावन्न वर्षांचा मनुष्य येऊन म्हणाला, "साहेब, रातपाळी झेपत नाहीं, कानानें कमी ऐकूं येतें, घरीं आई अंथरुणाला खिळलेली आहे, आणि तिचें करतांना खाडे पडतात", तर त्याला देण्यासारखें त्या टेबलावर कांहीं नव्हतें. लहान मुलाची अडचण कायद्याला कळली. म्हाताऱ्या आईची अडचण आणि स्वतः म्हातारा होत जाणाऱ्या मुलाची अडचण या दोन्ही त्याच्या दृष्टीआड राहिल्या.

या दृष्टीआडपणाचें मोल १९८२ सालीं किती पडलें, तें मुंबईनें पाहिलें आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. संपाचे गुणदोष हा येथील विषय नाहीं. त्यानंतर ज्यांचें काम गेलें त्यांत चाळिशी-पन्नाशी उलटलेले हजारों होते. दुसरें कौशल्य शिकण्याचें वय गेलेलें, आणि शिकविण्यास कोणी नाहीं. त्यांतील कित्येक जण वळकटी बांधून गांवीं गेले. पण आजा ज्या गांवीं परतला होता तें गांव आतां राहिलें नव्हतें. खाचराच्या वांटण्या झालेल्या होत्या, घर मनिऑर्डरीवर चालत होतें, आणि ती मनिऑर्डरच बंद पडली होती. बाकीच्यांपैकीं कोणी पहारेकरी झाले, कोणी नाक्यावर भाजी घेऊन बसले. फंडाचे पैसे हातीं आले ते कर्जांत आणि लग्नांत विरून गेले. शंभर वर्षें ज्या एका उत्तरावर सर्वांनीं भिस्त ठेवली होती, तें गांवाचें उत्तर एका पिढींत खोटें ठरलें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो टाकाऊ नाहीं. वृद्धांनीं जागा अडविली तर तरुणांनीं जावें कोठें? गिरणींतहि बाप निघाल्याशिवाय मुलगा लागत नसे. खरें आहे, परंतु त्या वेळीं बापाचें बसून खाणें मुलाच्या पगारांतून निघत असे, म्हणून तो सौदा घरांतल्या घरांत जुळे. आतां मुलगा बापाच्या धंद्यांत येत नाहीं. बहुधा त्याच शहरांतहि राहत नाहीं. शिवाय आयुष्यमान वाढलें. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयाचें सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांच्या आसपास होतें, तें आतां सत्तरीपर्यंत गेलें आहे. २०११ च्या शिरगणतींत साठीपलीकडील लोकसंख्या दहा कोटींहून अधिक भरली. अठ्ठावन्नाव्या वर्षीं थकून बाहेर पडलेल्या माणसापुढें अजून कित्येक वर्षें उभीं असतात. तीं कोणाच्या पगारांतून निघावयाचीं? तेव्हां तो धडधाकट अवस्थेंत किती काळ काम करूं शकेल, हा प्रश्न तरुणांच्याहि हिताचा झाला आहे.

हा प्रश्न ज्या देशांपुढें आपल्याआधीं आला, त्यांनीं काय केलें हें पाहणें म्हणूनच उपयोगाचें आहे. फिनलंडच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेनें १९८१ पासून अकरा वर्षें नगरपालिकांच्या हजारों नोकरांचा मागोवा घेतला. त्यांतून असें दिसून आलें कीं, कार्यक्षमता केवळ वयानें ओसरत नाहीं; कामाची मांडणी आणि वरिष्ठांची वागणूक यांवरहि ती अवलंबून असते. वरिष्ठ समजूतदार असला तर ती सुधारतेसुद्धां. जर्मनींत डिंगोल्फिंग येथील बीएमडब्ल्यूच्या मोटारीच्या कारखान्यांत २००७ सालीं याहून प्रत्यक्ष असा प्रयोग झाला. दहा वर्षांनीं कारखान्यांतील माणसांचें सरासरी वय सत्तेचाळीस होईल असा हिशोब निघाला, तेव्हां चालकांनीं त्याच वयाची एक तुकडी आजच उभी केली, आणि तिलाच विचारलें : तुम्हांला काय दुखतें? उत्तरें साधीं होतीं. कठीण जमिनीवर लांकडी फळ्या घाला. बसण्यास खुर्ची द्या. टेबल ज्याच्या त्याच्या उंचीचें करा. बारीक भागांसाठीं भिंग द्या. पडद्यावरचीं अक्षरें मोठीं करा. एकच काम दिवसभर न देतां आळीपाळीनें द्या. असे सुमारें सत्तर फेरफार झाले, आणि एकूण खर्च चाळीस हजार युरोंच्या घरांत आला. वर्षभरांत त्या तुकडीचें उत्पादन शेंकडा सातानें वाढलें.

एक भिंग, एक फळी, एक खुर्ची! मुंबईच्या साळखात्यांत याच तीन वस्तूंनीं किती माणसांचीं किती वर्षें वांचलीं असतीं, याचा विचार मनांत आल्याखेरीज राहत नाहीं. आपल्या जॉबरांनाहि ही गोष्ट अगदींच ठाऊक नव्हती असें नाहीं. एखादा दयाळू जॉबर जुन्या माणसाला हलकें काम देई, आणि शेजारचा तरुण त्याचा तुटलेला धागा जोडून देई. परंतु ही सोय मेहेरबानीची होती. जॉबर बदलला कीं ती बदले, आणि साच्यांची संख्या वाढली कीं ती नाहींशी होई. १९२८ सालीं विणकरानें दोनांऐवजीं तीन साचे चालवावे अशी योजना निघाली, आणि सहा महिन्यांचा संप झाला. त्या तिसऱ्या साच्याचा भार कोणाच्या पाठीवर अधिक पडला असता, हें सांगावयास नको.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून आपल्या देशांत चार नव्या श्रमसंहिता अमलांत आल्या, आणि वर सांगितलेले बहुतेक कायदे त्यांत विलीन झाले. त्यांच्यासंबंधीं मतभेद पुष्कळ आहेत. त्यांतील एक तरतूद मात्र या इतिहासाच्या दृष्टीनें नवी आहे : चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची दरवर्षीं विनामूल्य वैद्यकीय तपासणी मालकानें करावी. कामावर असलेल्या माणसाच्या वाढत्या वयाची सरसकट दखल कायद्यानें घ्यावी, ही गोष्ट आपल्याकडे आजवर झालेली नव्हती. पण तपासणीनें कळतें, निवारण होत नाहीं. दृष्टि कमी झाल्याची नोंद करून तो कागद फाइलींत गेला, किंवा त्याच कागदाच्या आधारें माणसाला लौकर निरोप दिला, तर तपासणी न होणेंच बरें असें कामगार म्हणूं लागेल, आणि तें अगदींच चुकीचें होणार नाहीं.

म्हणून कल्याण-अधिकाऱ्याच्या त्या टेबलावर आतां कांहीं साध्या वस्तु असावयास हव्यात. रातपाळींतून मोकळें होण्याचा अर्ज. चष्म्याची व श्रवणयंत्राची सोय. घरीं आजारी आईबाप असलेल्यास वेळेची सवलत. फंडाचा आणि निवृत्तिवेतनाचा हिशोब निवृत्तीच्या आधींच बसून समजावून देणारा मनुष्य. आणि त्या माणसाच्या हातांतील कला एखाद्या नवख्यास शिकवावयास लावणारी व्यवस्था. यांपैकीं एकहि गोष्ट फार खर्चाची नाहीं. कल्याण-केंद्राच्या दिनक्रमांत बालवर्ग आणि व्यायामशाळा यांच्या मध्यें एक तास मोकळा काढून त्या पंचावन्न वर्षांच्या विणकराला विचारावें, तुम्हांला काय दुखतें? लोखंडे यांच्या अर्जांत हा प्रश्न राहून गेला, कारण त्या वेळीं त्याला गांव होतें.